शहाळे आणि सिस्टर



कोल्हापुरात कोणी आजारी पडले की त्याला बघायला रिकाम्या हाताने जायचे नसते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी उभी असतेच. गाडीवाला कोयत्याने वरची बाजू तासून देतो, आपण दोन शहाळी पिशवीत टाकतो आणि निम्मे कर्तव्य तिथेच पार पडल्यासारखे वाटते. शहाळ्याइतके निरुपद्रवी दुसरे काय असणार? तेल नाही, तिखट नाही, भेसळ नाही. निसर्गाने स्वतः झाकण लावून दिलेले पाणी! आज मला या शहाळ्याच्या विरुद्ध आणि ते दारातच अडवणाऱ्या परिचारिकेच्या बाजूने थोडे लिहायचे आहे.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. तरुणपणी ते पेठेतल्या एका संघातून फुटबॉल खेळले. खंडोबा तालीम की शिवाजी तरुण मंडळ, हे मी मुद्दामच सांगत नाही. नाहीतर तुमच्यापैकी निम्मे वाचक पुढचे वाचायचेच नाहीत. पुढे तात्यांना मधुमेह जडला, रक्तदाब वाढला, आणि बरीच वर्षे दोन्हींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंडे बिघडण्याची ही दोन सर्वांत नेहमीची कारणे आहेत. आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस त्यांचे डायलिसिस असते.

एकदा रविवारी दुपारी गावाकडचे पाहुणे आले. अर्थात शहाळी घेऊन. उन्हाळ्याचे दिवस, तात्यांना तहान तर सदाचीच. त्यांनी दोन शहाळी संपवली. संध्याकाळी त्यांच्या पायांतले बळच गेले. जिन्याची तिसरी पायरी चढवेना. घरच्यांना वाटले अशक्तपणा आहे, आणखी थोडे शहाळ्याचे पाणी द्यावे म्हणजे तरतरी येईल. सुनेला काय सुचले कोण जाणे, तिने डायलिसिस विभागातल्या सिस्टरांना फोन लावला. सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, "आज काय काय प्यायले?" उत्तर ऐकले आणि म्हणाल्या, "आहे तसे घेऊन या. उद्याची वाट बघू नका."

रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला तर त्यातल्या एरवी बसक्या असणाऱ्या लाटा तंबूसारख्या टोकदार झाल्या होत्या. रक्तातले पोटॅशियम निघाले ७.४. निरोगी माणसात ते ३.५ ते ५ असते. त्या रात्री तात्या वाचले. तासाभराचा उशीर झाला असता तर काय झाले असते, हे तेथील डॉक्टरांनी नंतर फारसे आडपडदे न ठेवता सांगितले.

आता हे पोटॅशियम कोण, ते पाहू. कोल्हापूरच्या मुलांना त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. उसाला खत घालताना नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणतात, त्यातले पालाश म्हणजेच हे. शेतीसेवा केंद्रात 'पोटॅश' म्हणून जे पोते मिळते त्यात बहुतेक पोटॅशियम क्लोराइडच असते. झाड ते जमिनीतून शोषते आणि पाने, फळे, कंद यांत साठवते. म्हणून केळे, टोमॅटो, बटाटा, पालक, आपला लाडका गूळ या साऱ्यांत ते भरपूर. पांढऱ्या साखरेत जवळजवळ नाहीच. आणि नारळाच्या कोवळ्या पाण्यात तर ते इतके असते की त्या मानाने सोडियम नगण्य ठरावे.

पाण्यात विरघळल्यावर ज्या क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात त्यांना इलेक्ट्रोलाइट म्हणतात. आपल्या शरीरात सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर असते आणि पोटॅशियम पेशींच्या आत. आत दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ४ ते ५. या तफावतीवरच पेशीच्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंना विजेचा सूक्ष्म दाब टिकून राहतो. या विजेवर स्नायू आकसतात, मज्जातंतूंतून संदेश जातात, हृदय ठोके देते. बाहेरचे पोटॅशियम वाढले की तफावत कमी होते, दाब घसरतो. पायांतले बळ जाते ते त्यामुळे. आणि हृदय हाही स्नायूच.

थोडे गणित करू. कागद-पेन्सिल घ्या. पोटॅशियमचा एक मिलिमोल म्हणजे ३९ मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसात पेशींबाहेरचे द्रव सुमारे १४ लिटर. दर लिटरला ४.५ मिलिमोल धरले तर पेशींबाहेरचे एकूण पोटॅशियम झाले १४ × ४.५ × ३९, म्हणजे साधारण अडीच हजार मिलिग्रॅम. अडीच ग्रॅम! चहाचा अर्धा चमचासुद्धा धड भरणार नाही. आता एका मध्यम शहाळ्यात पाव लिटर पाणी निघाले तर त्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा एकाच शहाळ्यात. ते सारे पेशींबाहेरच राहिले असते तर रक्तातली पातळी एकाच्या वर चढली असती. तात्यांनी दोन शहाळी प्यायली होती, तीही दोन दिवस डायलिसिस झालेले नसताना.

मग तुम्ही-आम्ही शहाळे पिऊन ठणठणीत कसे राहतो? दोन कारणांनी. आलेले पोटॅशियम पेशी तात्पुरते आत ओढून घेतात, आणि मग मूत्रपिंडे ते सावकाश बाहेर टाकतात. मुठीएवढे हे दोन अवयव दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत रक्ताला देतात. जाऊ द्यायचे काय आणि परत घ्यायचे काय, हा हिशेब ते क्षणोक्षणी करतात. शाहू स्टेडियमवर पूर्वार्ध संपल्यावर घामाघूम झालेल्या खेळाडूने शहाळे प्यावे, खुशाल प्यावे. त्याच स्टेडियमवर एकेकाळी खेळलेल्या तात्यांना मात्र ते विष ठरले. पदार्थ तोच, मागे हिशेबनीस आहे की नाही एवढाच फरक.

पोटॅशियमला खलनायक ठरवण्याची घाई मात्र करू नका. जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या लहान मुलाच्या शरीरातून हेच पोटॅशियम वाहून जाते आणि त्याची मान टाकली जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या जलसंजीवनीच्या पुडीत, एक लिटर पाण्यासाठी, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ यांच्या जोडीला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. आता गंमत बघा. रुग्णालयात शिरेतून देण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची काचेची कुपी असते. तिच्यात किती असते? तेच, दीड ग्रॅम! लिटरभर पाण्यातून घोट-घोट पोटात गेले तर मूल वाचते. तेवढेच कुपीतून सरळ शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. म्हणून चांगल्या रुग्णालयात ही कुपी इतर औषधांत मिसळून ठेवत नाहीत. ती वेगळ्या कपाटात असते, तिच्यावर ठळक खूण असते, सलाइनच्या बाटलीत पातळ केल्याशिवाय ती वापरायची नसते, आणि वापरताना दोन जणांनी तपासायची असते. हे सारे कोण सांभाळते? सिस्टर.

एकोणिसाव्या शतकातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात ते किती वेळ धडधडते, याचा अभ्यास करीत होते. हृदय छान चालत होते. पुढे कळले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात केले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबू लागले. नळाच्या पाण्यात असे काय होते? कॅल्शियम! १८८२-८३ च्या सुमारास रिंगर यांनी दाखवून दिले की हृदयाला सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचा तोल लागतो. तात्यांना त्या रात्री सर्वांत आधी जे इंजेक्शन दिले ते कॅल्शियमचेच होते. त्याने रक्तातले पोटॅशियम कणभरही कमी होत नाही, पण हृदय तेवढ्यापुरते सावरते. नंतर ग्लुकोजबरोबर इन्शुलिन दिले. त्याने पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते. हेही तात्पुरतेच. ते शरीराबाहेर काढले ते शेवटी डायलिसिसने.

डायलिसिसच्या यंत्राबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी थोडक्यात आवरतो. १९४३ साली नेदरलंड्समध्ये, जर्मन सैन्याच्या अंमलाखाली, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका लाकडी पिंपावर गुंडाळून पहिले कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली एक ६७ वर्षांच्या बाई वाचल्या. आजच्या यंत्रात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहते, बाहेरून मोजके क्षार असलेले पाणी वाहते, आणि जिकडे प्रमाण जास्त तिकडून कमी असेल तिकडे पोटॅशियम व इतर कचरा पाझरतो. मिनिटाला अर्धा लिटर पाणी, चार तास. म्हणजे एका बैठकीला १२० लिटर. हेच विसरण तुमच्या स्वयंपाकघरातही होते. तात्यांची सून बटाट्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात भिजत घालते, मग दुसऱ्या पाण्यात उकळते आणि ते पाणी ओतून देते. "भाजीचे पाणी टाकू नका, त्यातच सारे सत्त्व असते" असे आपली आजी सांगते. बरोबरच आहे. इथे नेमके ते सत्त्वच नको असते!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्र आले की वर्तमानपत्रात फोटो येतो, फीत कापली जाते. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय व्हावी असे ठरले, ही फार चांगली गोष्ट आहे. पण यंत्र आठवड्याला तीनदा चार-चार तास, म्हणजे बारा तास काम करते. आठवड्याचे तास १६८. उरलेले १५६ तास रुग्णाला कोण सांभाळते? माझे स्पष्ट मत आहे की त्या तासांतले विज्ञान सिस्टरांच्या हातात असते, आणि आपण त्याला विज्ञान म्हणायलाच तयार नसतो. "औषध डॉक्टर देतात, काम यंत्र करते, सिस्टर काय, सांगितलेले करते," असे सुशिक्षित माणसेही म्हणतात.

सिस्टर काय करते ते जवळून पाहा. ती रुग्णाला रोज त्याच वेळी, तसल्याच कपड्यांत, त्याच काट्यावर उभे करते. कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन दिवसांत वजन तीन किलोंनी वाढले तर ती चरबी नव्हे, अडकलेले तीन लिटर पाणी होय. ती घोट्याजवळ अंगठा दाबून खळगा पडतो का बघते. उताणे झोपल्यावर धाप लागते का, विचारते. एका तक्त्यावर ती पोटात गेलेले आणि बाहेर आलेले प्रत्येक मिलिलिटर लिहिते. चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचे घोटभर पाणी, सगळे. आदल्या दिवशी लघवी जितकी झाली त्यात साधारण अर्धा लिटर मिळवून दिवसाच्या पाण्याचा अंदाज ठरवतात. तो अर्धा लिटर घामावाटे आणि श्वासावाटे जाणाऱ्या पाण्याचा. लघवीचे माप चुकले की पुढचा सारा हिशेब चुकला.

तात्यांच्या डाव्या हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली आहे, म्हणजे डायलिसिसला पुरेसे जोरात वाहणारे रक्त मिळते. ही युक्ती १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्या जागेवर तळवा ठेवला तर मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. सिस्टर ती रोज तपासते, आणि त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देत नाही की सुई टोचू देत नाही. डायलिसिस चालू असताना पाणी फार वेगाने निघाले तर रक्तदाब कोसळतो. यंत्र तेव्हा घंटा वाजवते, पण पुष्कळदा त्याआधी रुग्ण जांभया देऊ लागतो, त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कपाळावर घाम फुटतो. जांभई मोजणारे यंत्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

सोडियमचेही असेच. ते फार घटले की माणूस बडबडू लागतो, झोपाळतो. ते भरून काढायचे, पण हळूहळू; घाईने भरले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाइनचे थेंब मोजणारा हात इथे औषधाइतकाच महत्त्वाचा असतो.

निरीक्षण, मापन, नोंद आणि नोंदीवरून अनुमान. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून हे केले की आपण त्याला विज्ञान म्हणतो. रात्री तीन वाजता वॉर्डातल्या दिव्याखाली केले की त्याला सेवा म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. मला हे हात जोडणे पुरेसे वाटत नाही. एका सिस्टरच्या वाट्याला तीस-तीस रुग्ण आले तर तो तक्ता अंदाजपंचे भरला जाणार. त्यात तिचा दोष नाही. वजनकाटा शून्यावर आहे की नाही हे पाहायलाही दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे तिला मिळायला हवीत. नवे यंत्र घेताना त्याबरोबर किती परिचारिका नेमल्या, हा प्रश्न फीत कापणाऱ्यांना कोणीतरी विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, मुलांना हे सांगून काय उपयोग? उपयोग आहे, आणि त्याला इतिहासाचा दाखला आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात सीमेवरच्या बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइन संपत आले, परिचारिका अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्याही खाली आले. मोजून पाजणे हे शुश्रूषेचे काम अडाणी मानल्या गेलेल्या माणसांनी करून दाखवले. तुम्ही तर आठवी-नववीत शिकता. मूत्रपिंडाच्या आकृतीला नावे देऊन गुण मिळवता. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या पाण्याचा तक्ता तुम्ही ठेवू शकता.

तात्यांच्या घरी तो त्यांचा नातू ठेवतो. त्या रविवारनंतर त्याने शाळेतल्या मापनपात्राने घरातली भांडी मोजली. वाटी १५० मिलिलिटर, चहाचा कप ९०, तात्यांचा आवडता पितळी पेला तब्बल ३५०! तो पेला आता फळीवर ठेवला आहे. सकाळी दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून ठेवतात; तात्या चहा प्याले की तेवढे बाटलीतून ओतून टाकायचे. बाटली रिकामी, की दिवस संपला. मिसळीचा कट आणि पापड-लोणचे बंद, कारण मीठ तहान वाढवते. तांबड्या रश्श्यावरून मात्र अजून वाद होतात. तहान अगदीच लागली तर चूळ भरायची किंवा बर्फाचा छोटा खडा चघळायचा. तोही नातू मोजतो. मध्यंतरी कोणीतरी 'कमी सोडियमचे मीठ' आणून दिले होते. नातवाने पाकिटावरचा बारीक मजकूर वाचला, त्यात पोटॅशियम क्लोराइड होते. मीठ परत गेले.

मागच्या महिन्यात तात्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मी भेटायला निघालो. फाटकाबाहेर गाडीवाल्याने सवयीने कोयता उचलला. मी मान हलवली आणि पलीकडच्या गाडीवरून दोन सफरचंदे घेतली. वॉर्डाच्या दारात सिस्टर उभ्याच होत्या. माझ्या आधी आलेल्या एका पाहुण्याची शहाळी त्यांनी टेबलाखाली ठेवून घेतली होती आणि तो तक्रारीच्या सुरात म्हणत होता, "काय ओ सिस्टर, पाणीच हाय की ते!" मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी आधी तात्यांचा तक्ता पाहिला, मग सफरचंदे पाहिली.

"एकच," त्या म्हणाल्या, "आणि निम्मे आज, निम्मे उद्या." आणि पेन उघडून त्यांनी ते लिहून घेतले.